खटपट : दुधाच्या कॅनची कावड

मित्रांनो, गेल्या आठवड्यात आपण सायकलचं पंक्चर काढलं. हात काळे झाले ना? झालेच पाहिजेत! या आठवड्यात सायकलवरून थेट मोटारसायकलवर जाऊ. घाबरू नका, चालवायची नाहीये. तिच्यावर सामान कसं लादायचं, एवढंच बघायचंय.

सकाळी सहा-साडेसहाला नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्याच्या फाट्यावर उभे राहा. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय.) लांबून खडखड आवाज येतो. मोटारसायकल दिसायच्या आधी तिच्या दोन्ही बाजूंचे दुधाचे कॅन दिसतात. संगमनेर, अकोले, राहुरी, श्रीरामपूर, कुठंही जा, हे दृश्य आहेच. सुट्टीच्या दिवशी याच रस्त्यांवरून भंडारदऱ्याकडे निघालेल्या प्रवासी मोटारसायकली दिसतात. त्यांच्याही दोन्ही बाजूंना पेट्या असतात, आत तंबू, कपडे, स्टोव्ह. पेटी चकचकीत आणि कॅनला पोचे पडलेले, पण खालची लोखंडी चौकट बघा. दोघांचं गणित एकच!

हे गणित मला माझ्या मामानं शिकवलं. म्हणजे त्याला आधी ते चुकून कळलं, मग मला.

मी तेव्हा सातवीत होतो. मामाचं गाव संगमनेर तालुक्यात. मामा वस्त्या-वस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीला घालायचा. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे दोन कॅन. दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो, त्या दिवशी वाटेत एका हॉटेलवाल्यानं जास्त दूध मागितलं. मामानं डावीकडचा कॅन जवळजवळ रिकामा केला. उजवीकडचा भरलेलाच. म्हणाला, "डेअरी कुठं लांब हाय? जाऊ तसंच!"

चालत्या गाडीवर मामानं अंग डावीकडं झुकवून तोल सांभाळला. पण ओढ्याच्या चढाला समोरून उसाची बैलगाडी आली आणि थांबावं लागलं. मामानं पाय टेकवला आणि गाडी उजवीकडं धप्पकन कलंडली. चौकटीची सळई जोडापाशी तुटली, कॅनचं झाकण उडालं, आणि चाळीस लिटर दूध रस्त्यावरून ओढ्यात. मामाच्या पायाला खरचटलं. पण तो पायाकडं बघतच नव्हता, दुधाकडं बघत होता. ते दूध एकट्याचं थोडंच होतं? दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. त्या पगारातून सात-आठ घरांचे पैसे मामाला स्वतःच्या खिशातून भरावे लागले. दिवाळीत मामीला साडी आली नाही, आणि मामी त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. हे मला अजून आठवतं.

आता वही-पेन्सिल घ्या, गाडी का पडली ते बघू.

एक लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो. म्हणजे चाळीस लिटर दूध ४१ किलो, कॅनचं वजन वेगळंच. गाडी साधारण ११० किलोची, मामा ६० किलोचा. दोघं मिळून १७०. गाडीच्या मधल्या रेषेपासून कॅनचा मध्य ४० सेंटिमीटरवर धरा. ४१ गुणिले ४० म्हणजे १६४०. त्याला एकूण वजनानं, म्हणजे २११ नं भागा. उत्तर येतं जवळजवळ ८. म्हणजे सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य ८ सेंटिमीटर उजवीकडं सरकला. गाडी उभी राहते कशावर? हाताच्या पंजाएवढ्या रुंद टायरवर! गुरुत्वमध्य टायरच्या बाहेर गेला की गाडी पडणारच. चालताना झुकून सांभाळता येतं, थांबलं की सगळा भार एका पायावर.

ही अक्कल जुनीच आहे बरं का. खांद्यावरची कावड आठवा. एका टोकाला घागर आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, अशी कावड कुणी नेताना पाहिलीय? पाथर्डी तालुक्यात मढीच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. माती वाहणाऱ्या गाढवाच्या पाठीवरची गोणी बघा, दोन्ही बाजूंना सारखी. गाढवाला गाढव म्हणतो आपण, पण एका बाजूला जास्त भरलं तर ते पाऊल टाकत नाही. मामानं टाकलं!

दुसऱ्या दिवशी आम्ही तुटकी चौकट घेऊन वेल्डिंगच्या दुकानात गेलो. मिस्त्रींनी तुटलेली जागा बोटानं चाचपली आणि मला विचारलं, "भाचे, चौकोन पक्का का त्रिकोण?"

मी म्हणालो, "चौकोन." सगळे हसले.

तुम्हीच करून बघा. खराट्याच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घ्या. (आगपेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब यांची ही खेळणी अरविंद गुप्ता यांनी देशभरच्या मुलांना शिकवली.) चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्याला ढकला. पतंगासारखा तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा. कितीही ढकला, हलत नाही. आता चौकोनात एक तिरकी काडी घाला. झाला की नाही पक्का?

मामाची जुनी चौकट नुसती चौकोनी होती. खड्ड्यातल्या प्रत्येक दणक्याला ती थोडी तिरकी व्हायची, परत सरळ व्हायची. लोखंडी तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते ना? तशीच सळई तुटली, आणि तीही वेल्डिंगच्या शेजारीच, कारण तिथं लोखंड तापून त्याचा गुण बदललेला असतो.

मग नवी चौकट कशी केली ते सांगतो. मिस्त्रींनी आधी लोखंडाला हातच लावला नाही. मला एक मोठा पुठ्ठा आणि कात्री दिली! गाडीच्या बाजूला धरून मी पुठ्ठ्याचा साचा कापला. सायलेन्सरला लागतो का, किक मारताना पाय अडतो का, मागचं चाक दणक्यानं वर उचललं तर घासेल का, दिवा आणि नंबर झाकला जातो का, सगळं पुठ्ठ्यावर पाहिलं. पुठ्ठा चुकला तर चार आणे, लोखंड चुकलं तर चाळीस रुपये.

मग १२ मिलिमीटरची सळई वाकवून दोन चौकटी केल्या, तिरक्या पट्ट्या घातल्या. प्रत्येक चौकट गाडीला तीन ठिकाणी बोल्टनं बसवली: वर शॉकअॅबसॉर्बरच्या बोल्टपाशी, खाली मागच्या पायटेकणीपाशी आणि मागं मडगार्डच्या कंसाला. जोड तीनच का? तीन पायांचं स्टूल डगमगत नाही, म्हणून. शिवाय नंबरप्लेटच्या मागून एक आडवी पट्टी घालून डावी-उजवी चौकट एकमेकींना बांधली. नाहीतर खड्ड्यात दोन्ही पंखांसारख्या फडफडतात.

वेल्डिंग सगळं गाडीपासून लांब झालं. गाडीच्या चासीला मिस्त्रींनी ठिणगीसुद्धा लागू दिली नाही. म्हणाले, "कॅरिअर तुटलं तर दूध जाईल, चासी तुटली तर मामा जाईल." गाडीच्या मूळ बांधणीत मनानं बदल करायला आज कायद्यानंही बंदी आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ त्याबद्दलच आहे. म्हणून प्रवासाला जाणारे शहाणे लोकही बोल्ट काढला की निघेल अशीच चौकट बसवतात.

चौकट झाली, पण गोष्ट संपली नाही. मामा आता दोन्ही कॅनमधून सारखं दूध काढायला लागला. तोल बरोबर राहिला, पण नवीनच त्रास सुरू झाला. अर्धा भरलेला कॅन वळणावर डचमळायचा. दूध एका बाजूला धावायचं आणि गाडीला धक्का द्यायचं. पाण्याची बाटली गच्च भरून हलवा, मग अर्धी करून हलवा. हाताला फरक कळेल.

यावर तोड मामीनं काढली. ती म्हणाली, "दोन मोठे कशाला? चार लहान घ्या की."

झालं! वीस-वीस लिटरचे चार कॅन आले, प्रत्येक बाजूला दोन. दूध द्यायचं तर डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक असे जोडीनं रिकामे करायचे. बाकीचे दोन गच्च भरलेले, डचमळणार कसे? लहान कॅनचा घेर कमी, म्हणून वजनही गाडीच्या थोडं जवळ आलं. आणि आधी मागची जोडी रिकामी करायची. का? मागच्या चाकाचा आस म्हणजे सीसॉचा मधला टेकू समजा. त्याच्या मागं जास्त वजन बसलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल ऐकत नाही.

नगरचं आणि ओझं वाहणाऱ्या गाड्यांचं नातं तसं जुनंच. १९७२ साली आलेली लूना आठवते का, आई-बाबांना विचारा. कायनेटिक इंजिनिअरिंगचा नगर-दौंड रस्त्यावर कारखाना. पन्नास सीसीचं इवलंसं इंजिन, पायडल मारायची सोय, आणि मागं भाजीची पाटी, गॅसची टाकी, गवताचा भारा, काय वाट्टेल ते! पुढं ती बंद झाली. २०२४ मध्ये विजेवर चालणारी ई-लूना आली. तिच्यावर १५० किलोपर्यंत भार नेता येतो असं बनवणारे सांगतात. म्हणजे लोक गाडीवर काय लादतात, हे बनवणाऱ्यांनाही कळलंय.

आता तुमची खटपट. सायकल स्टँडवर लावा. मोठ्या माणसाला सीट धरून उभं राहू द्या. दोन सारख्या पिशव्यांत दोन-दोन लिटर पाण्याच्या बंद बाटल्या ठेवा.

१. दोन्ही पिशव्या कॅरिअरच्या एकाच बाजूला अडकवा. स्टँड काढून धरणाऱ्याला किती जोर लागतो ते विचारा.

२. एक इकडं, एक तिकडं अडकवा. पुन्हा विचारा.

३. दोन्ही पिशव्या कॅरिअरवर उंच रचून बांधा. सायकल थोडी कलती करा. खाली लोंबत्या पिशव्या बऱ्या, की वर रचलेल्या?

४. पिशव्यांचे बंद चाकाच्या आऱ्यांत जाऊ शकतात का, ते पाहा. जात असतील तर मध्ये पुठ्ठा बांधा.

जे दिसलं ते वहीत लिहा. चित्र काढलंत तर उत्तमच.

आणि आई-बाबांसाठी दोन ओळी. मोटारसायकलला कॅरिअर बसवायचं असेल तर पोरांना साचा कापू द्या, वेल्डिंगचा उजेड मात्र उघड्या डोळ्यांनी बघू देऊ नका. आणि प्रत्येक लांबच्या फेरीआधी बोल्ट पान्यानं तपासा. हादऱ्यानं ते ढिले होतातच.

मामानं ती चौकट पुढं बरीच वर्षं वापरली. गाडी बदलली, तेव्हा चौकट काढून नव्या गाडीला थोडी वाकवून बसवली. पुढच्या दिवाळीत मामीला साडी आली. मी विचारलं, "मामा, एकच?" मामा म्हणाला, "दोन आणल्यात. एक तुझ्या आईला. दोन्ही बाजूंना सारखं नको का?"

पुढच्या आठवड्यात आपण दोरीच्या गाठी शिकू. एक हात-दीड हात सुतळी तयार ठेवा!