सेवेला रविवार हवा

चर्चच्या तरुण संघाचे वर्षाचे वेळापत्रक हाती घेतले, की बहुतेक ठिकाणी त्यात दोन कप्पे दिसतात. एका कप्प्यात उपासना असते: रविवारची स्तुती-आराधना, बायबल अभ्यास, उपवास-प्रार्थना, मे महिन्यातले शिबिर. दुसऱ्यात 'समाजकार्य' असते: जूनमध्ये वह्यावाटप, मध्येच कधी रक्तदान, नाताळच्या आधी ब्लँकेटवाटप आणि वृद्धाश्रमाला एक भेट. पहिल्या कप्प्याची सूत्रे गिटार-कीबोर्डवाल्यांच्या हाती, दुसऱ्याची धावपळ करणाऱ्यांच्या हाती. दोन्ही कामे मनापासून होतात, पण एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. वृद्धाश्रमात भेटलेल्या आजींचे नाव पुढच्या रविवारी प्रार्थनेत येत नाही आणि रविवारी डोळे मिटून गायलेल्या गीताचा सोमवारच्या कोणत्याही कामाशी संबंध राहत नाही. ही फारकत दोन्हींचे नुकसान करते. उपासना आठवड्याच्या आठवड्याला ठरलेल्या वेळी होते. तिच्याशी बांधलेली सेवा टिकते आणि सेवेचा हिशेब मागणारी उपासना खरी राहते. तरुणांच्या कामाची आखणी करताना हे दोन कप्पे मोडायला हवेत.

ही मागणी नवी नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन मार्टर याने रोमच्या सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती लोकांचा बचाव लिहिला. रविवारच्या उपासनेची जी सर्वांत जुनी वर्णने आपल्या हाती आहेत, त्यांपैकी एक त्यात आहे. लोक एकत्र जमत, शास्त्रवाचन होई, उपदेश होई, सगळे उभे राहून प्रार्थना करत, मग भाकर आणि द्राक्षारस वाटला जाई. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी पोचवत. ज्यांना ऐपत आहे ते आपखुशीने दान देत. ते पुढाऱ्याकडे जमा होई आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परगावाहून आलेले यांची सोय होई. इथे समाजकार्याची वेगळी समिती नाही. घरोघरी जाणारी भाकर उपासनेच्या टेबलावरूनच निघते. त्याच्याही कित्येक शतके आधी आमोस संदेष्ट्याने न्याय नसेल तर गाणीबजावणी देवाला नकोशी होते, असे बजावले होते. उपास करायचा आणि त्याच दिवशी मजुरांना पिळायचे, ही विसंगती यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात उघडी पाडली आहे. उपासनेला सेवेची कसोटी लावणे हे आधुनिक खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे उतारे पुन्हा वाचावेत.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. उपासनेपासून सुटलेली सेवा बहुधा एका दिवसाचा कार्यक्रम होऊन बसते. 1998 मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासची दैना उडवली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या चर्चमधून गटामागून गट तिथे घरे बांधायला गेले. केल्विन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी पुढे या कामाचा अभ्यास केला. परदेशी गटांनी बांधलेल्या घरांत राहणारी कुटुंबे आणि स्थानिक संस्थांनी बांधून दिलेल्या घरांत राहणारी कुटुंबे यांच्यात त्यांना म्हणावा असा फरक आढळला नाही. गटांच्या प्रवासावर मात्र इतका पैसा गेला होता, की त्यात आणखी कितीतरी घरे उभी राहिली असती. आपले आयुष्य बदलले असे सांगणारे स्वयंसेवक पुष्कळ होते, पण देणग्यांच्या नोंदी तपासल्यावर तो बदल फारसा दिसला नाही. परतल्यावर धरून ठेवणारी, पाठपुरावा करणारी रचना नसेल तर आठवडाभराचा उत्साह ओसरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडचे ब्लँकेटवाटप याच जातीचे आहे. बॅनर लागतो, फोटो निघतात, अहवालात दोन ओळी येतात. ब्लँकेट कोणाला दिले हे पुढच्या महिन्यात कोणाला आठवत नाही. पाठपुराव्याची रचना मात्र चर्चजवळ तयार आहे. दर सात दिवसांनी तीच माणसे त्याच छपराखाली जमतात. तिचा उपयोग मात्र आपण गाण्यांच्या सरावापुरता करतो.

महाराष्ट्रात याचा दाखला शोधायला फार लांब जावे लागत नाही. 1896 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली आणल्या आणि दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. 1900 च्या सुमारास तिथल्या रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. 1905 मध्ये तिथे जो आध्यात्मिक जागर झाला, त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासकारांनी घेतली आहे. मुलींचे गट रोज प्रार्थनेला जमत, आणि याच मुली छापखान्यात खिळे जुळवत, मागावर बसत, शेतात राबत. आधी आलेल्या मुली नव्याने आलेल्यांची शुश्रूषा करत. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतरही तिथल्याच छापखान्यात मुलींच्या हातांनी छापले गेले. त्या जागराची कहाणी सांगणारे अनेकदा फक्त प्रार्थनेबद्दल बोलतात आणि रमाबाईंना समाजसुधारक म्हणून गौरवणारे फक्त उद्योगशाळेबद्दल. केडगावच्या दिनक्रमात दोन्ही एकाच दिवसात बसत होत्या.

यावर पहिला आक्षेप बाहेरून येईल, आणि तो झटकून टाकता येणार नाही. सेवेला उपासना जोडायची म्हणजे मदतीच्या आडून धर्मांतर करायचे, असा संशय आज अनेकांच्या मनात आहे. त्याला कृतीतूनच उत्तर देता येते. जोडणी सेवा करणाऱ्याच्या आयुष्यात व्हायची आहे. सेवा घेणाऱ्यावर कसलीही अट नको. ज्याच्या दारात मदत जाते त्याला त्याचा धर्म विचारायचा नाही, पत्रके द्यायची नाहीत, त्याच्याकडून प्रार्थनेची अपेक्षा ठेवायची नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. निरनिराळ्या जातींच्या, बहुतांशी निरक्षर बायकांना त्यांनी गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाची प्रेरणा श्रद्धेतून आली होती, पण औषधावर कोणत्याही श्रद्धेची अट नव्हती.

दुसरा आक्षेप चर्चच्या आतून येतो. उपासना ही देवासाठी असते; तिला समाजसेवेचे साधन केले तर प्रवचनाचा अहवाल होईल आणि आराधनेची मासिक सभा. हा धोका खरा आहे. म्हणून क्रम सांभाळावा लागतो: आधी स्तुती, पापांगीकार, वचन आणि मग लोकांसाठी मध्यस्थीची प्रार्थना. ही प्रार्थना उपासनेत पूर्वीपासून आहेच, पण ती 'सर्व आजाऱ्यांसाठी, सर्व गरिबांसाठी' एवढ्यावर आटोपते. तिथे ओळखीची माणसे आली तर उपासना पातळ होत नाही, तिला वजन येते. तिसरा आक्षेप असा, की राष्ट्रीय सेवा योजनेतली मुले 1969 पासून प्रार्थनेशिवायही उत्तम काम करत आहेत. करतातच, आणि चर्चच्या मुलांनी त्यांच्या खांद्याला खांदा लावावा. प्रार्थनेविना केलेली सेवा उणी आहे, असा दावा इथे नाही. जे दर रविवारी प्रार्थना करतातच, त्यांना ती कामापासून वेगळी ठेवता येणार नाही, एवढाच मुद्दा आहे. दिवसा गाव झाडणारे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला कर्ज, दारू आणि शिवाशिवीबद्दल खडसावून विचारणारे गाडगेबाबा ज्या समाजाने पाहिले, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

मग करायचे काय? कार्यक्रम कमी करायचे आणि माणसे नेमायची. चर्चच्या आसपासची एखादी गल्ली किंवा वस्ती घ्यावी. दोघादोघांच्या जोड्यांनी दर शनिवारी दोन तास त्याच चार-पाच घरी जावे. मुले नोकरीसाठी दूर गेल्यामुळे एकटे राहणारे ज्येष्ठ तिथे भेटतील. सरकारी दवाखान्यातून औषधे आणून देणे, विजेचे बिल भरणे, नोव्हेंबरात पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला घरबसल्या मोबाइलवर काढून देणे, ही कामे विशीतल्या मुलांना सहज जमतात. परीक्षा आणि क्लास सांभाळून दोन तास काढणेही जमते. वर्षातून चार दिवस धावपळ करण्यापेक्षा ते सोपे आहे. रविवारची मध्यस्थीची प्रार्थना त्याच जोड्यांनी तयार करावी. नाव संबंधितांची परवानगी असेल तरच घ्यावे, नाहीतर नुसती गरज मांडावी. तरुणांच्या दानार्पणातला ठरावीक वाटा या घरांसाठी राखावा. आणि पाळकांनी दर आठवड्याला एकच प्रश्न विचारावा: मागच्या रविवारी ज्यांच्यासाठी प्रार्थना केली, त्यांच्याकडे कोण जाऊन आले? अशा कामाचे फोटो निघणार नाहीत आणि वार्षिक अहवालातले लाभार्थ्यांचे आकडेही घसरतील. ती किंमत मोजण्याची तयारी चर्चच्या समित्यांनी ठेवावी. पुढच्या वर्षाचे वेळापत्रक करताना 'उपासना' आणि 'समाजकार्य' असे दोन तक्ते आखूच नयेत. शनिवार आणि रविवार एकाच तक्त्यात शेजारी शेजारी लिहावेत.