अक्काच्या पोत्यांना हात लावण्याआधी

घरात सामान इतकं साठलं की माणसाला वावरता येईना, तर नातेवाईक भंगारवाल्याला बोलावतात. तसं करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझी थोरली बहीण पंढरपूरला गेली असताना मुलांनी टेम्पो लावून सोलापुरातल्या अशोक चौकाजवळचं तिचं घर रिकामं केलं. जुनी वर्तमानपत्रं, चादरींच्या प्लास्टिक पिशव्या, कारखान्यातल्या चिंध्यांची पोती, औषधांच्या बाटल्या, सगळं गेलं. परत आल्यावर अक्का जेवेना. वर्षभरात घर पुन्हा भरलं, आणि मुलांच्या हाती किल्ली देणं तिनं बंद केलं.

सोलापुरात साठवण्याला कुणी नावं ठेवत नाही. वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणून घरोघरी पिंपं भरलेली. यंत्रमागाच्या भागात चिंधीही वाया जात नाही, तिची वाकळ होते. त्यामुळे काटकसर कुठे संपली हे घरच्यांनाही उशिरा कळतं. निजायला जागा उरत नाही, गॅसपर्यंत पोचता येत नाही, साधी पावती टाकतानाही जीव कासावीस होतो, तेव्हा तो आजार असतो. पूर्वी तो मंत्रचळाचं लक्षण समजला जाई. अमेरिकन मानसोपचार संघटनेनं 2013 साली डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या सूचीत त्याची स्वतंत्र नोंद केली.

अक्का डॉक्टरांकडे यायला तयार नव्हती. मन मोकळं केलं ते फोनवर, माझ्या मैत्रिणीच्या सांगलीच्या नणंदेपाशी. तिचं घरही डबे-बरण्यांनी असंच भरलेलं. आता दुपारी दोघी व्हिडिओ कॉल लावून एकेक खण आवरायला घेतात. "अक्का, ही पिशवी काय कामाची हो?" असं तिनं विचारलं तर अक्का विचार करते, मुलानं विचारलं की कडाडते. खण कधी रिकामा होतो, कधी नाही. पण परवा अक्कानं आपण होऊन रद्दीचा एक गठ्ठा दाराबाहेर ठेवला.

टोलिन, फ्रॉस्ट आणि स्टेकेटी यांच्या साठवण्यावरच्या 2007 च्या पुस्तकाच्या आधारे अमेरिकेत साठवणाऱ्यांचे असे एकमेकांना मदत करणारे गट चालतात. ते चालवायला डॉक्टरच लागतो असं नाही. सहभागी माणसांचा त्रास कमी झाल्याचं 2012 च्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे दारू सोडणाऱ्यांच्या मराठी बैठका आहेत, पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे स्वमदत गट आहेत. साठवणाऱ्यांसाठीही मराठी गट हवा, आणि तो फोनवरच हवा. घरात कुणाला घ्यायचं म्हटलं की ही माणसं मागे सरतात. सोबत एक जाणकार मात्र हवाच, नाहीतर दोघी मिळून एकमेकींची पोती जपत बसतील. ज्यांना आजच बोलायचंय, त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे.

सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागानं आठवड्यातली एक दुपार अशा गटाला द्यावी. अक्काचं नाव मी तिला विचारूनच देईन, आणि ती हो म्हणेल असं आता मला वाटतं.