द्राक्षाच्या पेटीवरील साक्षीदार

निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्ष-बागायतदारांस एक अनुभव नवा नाहीं. पेटी निघते तेव्हां मणी टणक व देंठ हिरवा असतो. समुद्रमार्गें युरोपांत पोहोंचल्यावर मात्र देंठ वाळले, मणी मऊ पडले, असा निरोप येतो आणि पट्टींतून रक्कम कापली जाते. थंडी कोठें तुटली, शीतगृहांत, वाहनांत कीं बंदरावर, याचा पुरावा उत्पादकाच्या हातीं नसतो. तो मिळवून देऊं शकेल असें साधन आज शास्त्रापाशीं आहे. त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

हें साधन आपल्या गांवांत येऊन गेलेलें आहे. पोलिओ लसीच्या कुपीवर वर्तुळांत एक चौकोन असतो. चौकोन वर्तुळाहून फिकट असेल तोंवर लस चालते. तो वर्तुळाइतका गडद झाला कीं ती टाकून देतात. १९९६ सालापासून ही खूण या लसीवर येऊं लागली. तींतील डायॲसिटिलीन द्रव्याचे रेणू उष्णतेनें सांखळीसारखे जोडले जातात व रंग गडद होतो. घनरूपांत असे रेणू कसे जुळतात हें जर्मन रसायनज्ञ गेरहार्ड वेग्नर यांनीं १९६९ सालीं दाखविलें. एकदां जुळलेली सांखळी मागाहून बर्फांत ठेविली तरी सुटत नाहीं. म्हणून या साक्षीदाराची साक्ष फिरवितां येत नाहीं.

परंतु एका ठिपक्यास एकच गोष्ट सांगतां येते. थोडा वेळ फार उष्णता लागली कीं फार वेळ थोडी, हा भेद कळण्यास निरनिराळ्या उष्णतेस जागे होणारे अनेक ठिपके शेजारीं शेजारीं पाहिजेत. रांगोळीच्या छाप्यांतून जेथें भोक असेल तेथेंच रांगोळी पडते. त्याचप्रमाणें जाळीदार पडद्यांतून अतिनील किरण सोडले असतां तेवढाच भाग जुळून निळा होतो, व पुढें उष्णता लागतांच लाल होतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या रेघाहि अशा रीतीनें उमटवितां येतात. त्यामुळें नखाएवढ्या कागदावर अनेक साक्षी मावूं शकतात.

उणिवाहि सांगितल्या पाहिजेत. ऊन लागल्यानें ही खूण बिघडूं शकते. थंडी तुटली एवढें ती सांगते, कोठें तुटली तें सांगत नाहीं. २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळें आपलीं द्राक्षें युरोपांत अडकलीं. तसला दोष उष्णतेच्या खुणेस कळणार नाहीं, त्यास प्रयोगशाळाच पाहिजे.

म्हणून आमचें मत असें कीं, खूण उत्पादकासमक्ष लावावी, आणि माल हातोहात बदलतांना प्रत्येक ठिकाणीं तिचा रंग पाहून सहीनिशीं नोंद व्हावी. नोंद नसेल तर उष्णतेच्या नांवावर कपात नाहीं, अशी अट करारांत घालण्याचा आग्रह संघानें धरावा. एकट्यादुकट्याचें तेथें कोणी ऐकणार नाहीं. मात्र खूण फिकट राहूनहि माल खराब निघाला, तर दोष आपल्या बागेंत किंवा काढणींत शोधण्याची तयारी आपणहि ठेविली पाहिजे. साक्षीदार आपल्या बाजूनें बोलेल तेव्हांच खरा, हा न्याय नव्हे. येत्या हंगामांत सभासदांनीं थोड्या पेट्यांवर तरी हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची सूचना आहे.