पावसाचे ठोके आणि भोंगा

2019च्या ऑगस्टात तिळारी नदीचे पाणी गोव्यात डिचोलीतल्या साळमध्ये आणि पेडण्यातल्या इब्रामपूर, हणखणे या गावांत शिरले. अशा गावांना स्वतःची धोक्याची घंटा हवी असेल, तर एक स्वस्त वाट उपलब्ध आहे: पर्जन्यमापकाला जोडलेला साधा पल्स काउंटर. नरसाळ्याखालच्या दोनकप्पी डोलत्या वाटीत अर्धा मिलिमीटर पाऊस साठला की ती कलंडते, तिच्यावरचे लोहचुंबक रीड स्विचसमोरून सरकते आणि एक पल्स मिळतो. तासाभरात असे 80 पल्स, म्हणजे 40 मिलिमीटर पाऊस झाला, की रिलेने भोंगा सुरू करावा.

या कल्पनेच्या बाजूने बरेच काही आहे. 4017 या जुन्या आयसीच्या दोन नगांत शंभरापर्यंत मोजदाद होते. वीज गेली तरी बारा व्होल्टच्या बॅटरीवर ही जोडणी चालते, आणि बिघडली तर आयटीआयचा विद्यार्थीही दुरुस्त करू शकतो. गोव्यातल्या शाळांत 2021पासून कोडिंग-रोबोटिक्सची योजना आहे. तिथे शिकलेल्याला गावात याहून नेमके काम मिळणे कठीण.

मात्र, सोपे दिसणारे हे यंत्र खोड्या काढते. स्विचचे पाते थरथरले की एक कलंड तीनदा मोजली जाते. रेझिस्टर, कपॅसिटर आणि श्मिट ट्रिगरने हे आवरता येते. त्याहून फसवी खोड पुढे आहे. ऐंशीव्या पल्सला दुसऱ्या आयसीचा आठव्या आकड्याचा पाय जागा होतो आणि भोंगा वाजतो. पण नव्वदाव्याला तोच पाय झोपतो आणि ऐन मुसळधारेत भोंगा बंद पडतो. त्या पायाची तार पहिल्या आयसीच्या मोजणी रोखणाऱ्या पायाला जोडली, की आकडा तिथेच थांबतो आणि भोंगा चालू राहतो. ही तार विसरलेला काउंटर टेबलावर निर्दोषच वाटेल.

शिवाय टायमर दर तासाला आकडा शून्यावर आणणार. पाच वाजायच्या आधी 39 पल्स आणि नंतर 79 आले, तर भोंगा वाजणारच नाही. मायक्रोकंट्रोलर सरकता तास धरून ही अडचण सोडवतो. दुसरीकडे, प्रोग्राम लिहिणारा नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेला, की मागे उरते ती कुणाला न उघडणारी डबी. दोन्ही बाजूंना समंजस माणसे सापडतील. मला इथे मायक्रोकंट्रोलर बरा वाटतो, प्रोग्रामची छापील प्रत पंचायतीत ठेवण्याच्या अटीवर.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. मापक आपल्या डोक्यावरचा पाऊस मोजतो. तिळारीचे पाणी येते दोडामार्गाच्या डोंगरांतून. तिथल्या धरणातून विसर्ग झाला, तर साळमध्ये आभाळ मोकळे असतानाही नदी चढू शकते. त्या पुरासाठी काठावरचा तरंगता स्विच आणि धरणावरून वेळेवर आलेला निरोपच उपयोगी. तरीही सखल वाड्यांतले ओहोळ स्थानिक पावसाने फुगतात, आणि तिथे काउंटरला खरा अर्थ आहे.

भोंगा थेट जोडावा का? जोडला, तर मध्यरात्री माणसावाचून इशारा मिळतो. न जोडला, तर मोलाची मिनिटे जातात. तरी माझा कल न जोडण्याकडे आहे. काउंटरने दोन-तीन ठरलेल्या घरांत घंटा वाजवावी, त्यांनी पाणी पाहून भोंगा द्यावा. दोनदा फुकट वाजलेल्या भोंग्यावर तिसऱ्यांदा कोण उठेल? ठरलेला माणूस गाढ झोपेत असेल हा धोका उरतोच. म्हणून एक घर पुरेसे नाही.

आणि मिरगाआधी एक चाचणी सक्तीची हवी. वीस सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्यात लिटरभर पाणी सावकाश ओतले, तर काउंटरने 64च्या आसपास आकडा दाखवला पाहिजे. पन्नास किंवा नव्वद आले, तर घंटेची तार त्या दिवशी जोडूच नये.