वादळाचा इशारा आणि गोठ्यातील गुरे

वादळाचा इशारा वेळेवर मिळाला की प्राणहानी टळते, असे आपण नेहमी म्हणतो. हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. इशारा कानी पडूनही शेतकरी जागचा हलत नाही, असा अनुभव ठिकठिकाणी आलेला आहे. आणि अशा वेळी त्यास हट्टी अथवा अडाणी ठरवून आपण मोकळे होतो. माझ्या मते दोष बहुधा त्याचा नसून इशाऱ्याचा असतो.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या किनाऱ्यावर जे चक्रीवादळ आदळले, ते भोला बेटाच्या नावाने ओळखले जाते. त्यात किमान ३ लाख माणसे दगावली. काही अंदाज ५ लाखांपर्यंत जातात. इतकी प्राणहानी करणारे दुसरे चक्रीवादळ ज्ञात इतिहासात नाही. वाऱ्यापेक्षा पाण्याने अधिक घात केला. समुद्र ऐन भरतीच्या वेळी २० फुटांहून अधिक चढला, आणि ती बेटे म्हणजे नद्यांच्या गाळाची सपाट जमीन. तेथे चढून जावयास टेकाडही नाही. अमन भाताची कापणी तोंडावर आलेली असल्याने बाहेरगावचे मजूरही बेटांवर उतरलेले होते. तझुमुद्दीन या एका ठाण्याच्या हद्दीतील १ लाख ६७ हजार लोकवस्तीपैकी सुमारे ४५ टक्के माणसे त्या रात्रीत नाहीशी झाली. वादळ येत आहे हे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून व रडारवरून समजले होते, नभोवाणीवरून सूचनाही दिली गेली होती. पुढे झालेल्या पाहणीत असे आढळले की, बहुतेकांनी वादळाची वार्ता ऐकली होती; सुरक्षित जागी गेलेले मात्र अगदीच थोडे.

ते का गेले नाहीत? एक तर जावयाच्या जागाच फार थोड्या होत्या. दुसरे कारण शेती करणाऱ्यास सांगावे लागू नये. बैलजोडी व दुभती गाय हेच ज्याचे भांडवल, तो ती दाव्याला बांधून ठेवून स्वतः कसा निघून जाईल? त्या वादळात सुमारे २ लाख ८० हजार गुरे मेल्याची नोंद आहे. वाचलेल्या शेतकऱ्यांपैकी कित्येकांपाशी पुढच्या हंगामात नांगर ओढावयास बैल उरले नाहीत.

बांगलादेशाने यावरून जे केले, ते आपल्या कार्यकर्त्यांनी अभ्यासण्यासारखे आहे. १९७२ पासून तेथे गावोगावचे स्वयंसेवक तयार करण्यात आले. बावटे, हातातील भोंगे व कर्णे घेऊन ते घरोघर फिरतात. त्याचबरोबर गुरांसाठी मातीचे उंच भराव घालण्यात आले. त्यांना तेथे 'किल्ला' म्हणतात. (आपणांस किल्ला म्हटला की सह्याद्रीचा कडा आठवतो, तेथे नुसता मातीचा ढीगच तो मान मिळवून बसला आहे.) तरीही काम एका दमात झाले नाही. २९ एप्रिल १९९१ च्या वादळात पुन्हा सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली, आणि त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण पुष्कळच अधिक होते. बाजारात पुरुषांच्या कानी पडलेली बातमी घरातील बाईपर्यंत पोहोचतेच असे नाही, आणि पोहोचली तरी धनी घरी नसता घर, मुले व गुरे सोडून ती निघत नाही. पुढे आश्रयघरे वाढली, स्वयंसेविकाही पुष्कळ झाल्या. नोव्हेंबर २००७ मधील 'सिद्र' वादळही मोठेच होते. त्यात सुमारे ३,४०० माणसे दगावली. हा आकडा लहान नाही. पण १९७० च्या आकड्याशेजारी ठेवून पाहावा.

आपल्या कोकणातही हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धनकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, आणि मे २०२१ मध्ये 'तौक्ते'ने आंब्याचे नुकसान केले. उभे झाड हलविता येत नाही, हे खरे. पण गुरे हलविता येतात, तयार फळ उतरविता येते, आणि कापलेले भात पावसाच्या आधी झाकता येते.

म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस माझे सांगणे असे की, मोबाइलवर आलेला संदेश जसाच्या तसा पुढे धाडून आपले काम झाले असे समजू नये. ताशी अमुक किलोमीटर वारा, एवढ्यावरून कोणी गोठा सोडत नाही. गावातील उंच व मोकळी जागा कोणती, तेथे किती गुरे उभी राहतील, वैरण व पाणी कोण पोहोचविणार, हे पावसाळ्यापूर्वीच ग्रामसभेत ठरवून घ्यावे, आणि त्या सभेत स्त्रियाही असाव्यात. इशाऱ्याबरोबर ही जागा नाव घेऊन सांगावी. गुरे हलविणे ज्यास शक्यच नसेल, त्यास निदान घर सोडण्यापूर्वी दावी सोडावयास सांगावे. मोकळे जनावर पाण्यात पोहू शकते, बांधलेले नाही.