शंभर टक्के हजेरीचे बक्षीस कोणाला?

एप्रिल म्हणजे आमच्या भागात बक्षीस समारंभांचा महिना. ऊसतोडीच्या टोळ्या बीडकडे परतलेल्या असतात, उजनीचे पाणी मागे सरकू लागते आणि शाळाशाळांतून मांडव पडतात. डाळज गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर, भिगवणच्या अलीकडे-पलीकडे म्हणावे असे. सकाळी रस्त्याकडेला पिवळ्या गाड्या थांबतात आणि टाय लावलेली मुले इंग्रजी शाळांना जातात. त्यांतलीच एक शाळा कॅथलिक सिस्टर्स चालवतात. तिथल्या वर्षअखेरच्या कौतुक सोहळ्याला यंदा मला पाहुणी म्हणून बोलावले होते.

सोहळा चांगला झाला, हे आधी सांगते. सूत्रसंचालन दोन मुलींनी केले, एकदाही न अडखळता. शिवाय आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मुख्याध्यापिका, हिशेब पाहणारी, गाडीवाल्याला दम भरणारी, सगळ्या बायकाच. लग्न न केलेल्या बाईकडे आपल्याकडे कीव करून पाहतात. इथे मुलींना रोज दिसते की नवऱ्याला न विचारताही बाई शाळा चालवू शकते. (चर्चच्या उतरंडीत वर कोण बसते, तो वेगळ्या लेखाचा विषय.)

पण मैत्रिणींनो, शंभर टक्के हजेरीची बक्षिसे पुकारली गेली तेव्हा मी नावे मोजू लागले. एकामागून एक मुलगेच व्यासपीठावर येत होते. मुलगी एकच. आणि टाळ्या वाजवणाऱ्या कोणालाच त्यात काही खटकले नाही.

मुलींचे खाडे कशाने होतात, हे वस्तीवर काम करणारीला सांगावे लागत नाही. आई खुरपणीला गेली की धाकट्याला मुलीने धरायचे. आजीला दवाखान्यात न्यायचे, तर सोबत मुलगी. पाहुणे आले, मुलगी घरी. पाळीचे पहिले दोन दिवस तर धरूनच चला. भावाचा खाडा होत नाही, कारण त्याच्या वाट्याचे काम बहीण करून ठेवते. मग त्या सर्टिफिकेटवर नाव त्याचे असले, तरी अर्धी हजेरी बहिणीची नाही का?

सरकारला हे फार पूर्वी थोडेफार कळले होते. 1992 मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी हजेरीचा भत्ता सुरू झाला. दिवसाला एक रुपया! रक्कम हसण्यासारखी आहे, पण विचार खरा होता. मुलगी शाळेत आली की घराचे काहीतरी बुडते, हे त्यात मान्य केलेले होते. आपल्या बक्षीस समारंभांत तेवढेही मान्य होत नाही.

दुसरे बक्षीस ‘उत्तम वर्तणुकी’चे. ते मात्र झाडून सगळे मुलींना! वर्षभर वर मान करून न बोलल्याबद्दल दिलेला तो चषक पाहून मला काही टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत.

मांडवात जी पोहोचलीच नाही, तिचे काय? एकाच घरातला मुलगा पिवळ्या गाडीत आणि मुलगी झेडपीच्या शाळेत, अशी घरे मला डाळजमध्येच दाखवता येतील. झेडपीची शाळा वाईट, असे मी म्हणत नाही. प्रश्न फी कोणासाठी भरायची हा आहे. शिक्षण हक्काच्या 25 टक्के राखीव जागांचीही इथे वाट नाही. हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, असे 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

आणि हुशारीचे म्हणाल, तर 2025 च्या दहावीच्या निकालात राज्यातल्या 96.14 टक्के मुली पास झाल्या, मुलगे 92.31 टक्के. ‘यंदाही मुलींचीच बाजी’ असे मथळे आले. त्याच राज्यात, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के बायकांची लग्ने अठराच्या आत लागलेली होती. हार घालून फोटो काढलेली मुलगी पुढच्या मे महिन्यात मुंडावळ्या बांधून बसलेली मी पाहिली आहे.

मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली मुलगी. 1855 साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. वर्गात ती कितवी आली होती, याची चौकशी आज कोणी करत नाही. तिने जे लिहिले त्यात भरपूर राग होता. आजच्या शाळेत तिला उत्तम वर्तणुकीचा चषक मिळाला असता, असे मला वाटत नाही.

कार्यक्रमानंतर चहा घेताना मी सिस्टरांना हजेरीचा विषय काढला. त्या रागावल्या नाहीत. कोणत्या मुलीचे खाडे कोणत्या महिन्यात पडतात, हे हजेरीपटावरून काढून द्यायचे त्यांनी कबूल केले. जूनच्या पहिल्या पालकसभेला आमच्या गटातल्या दोघी जाणार आहेत. त्या सभेला बाप यावेत, अशी चिठ्ठी शाळेने पाठवावी, एवढी एक मागणी आम्ही केली आहे. तुमच्या गावच्या शाळेतही हजेरीपट असतोच. तो मागून पाहा, आणि काय सापडले ते आम्हाला कळवा.