निकाल लागला, विषय संपला?

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे म्हणणारे आपणच, आणि कोर्टाने आपल्या मनासारखे काही सांगितले की त्याच पायरीवर डोके टेकवून 'निकाल लागला, विषय संपला' असे जाहीर करणारेही आपणच. या दुसऱ्या वाक्याशी माझे भांडण आहे. स्मरणिकेत फराळाबरोबर भांडण वाढू नये, असा संकेत आहे. संपादकांनी तो या वेळी माझ्यासाठी मोडला, याबद्दल त्यांचे आभार.

२०२३ च्या दिवाळीत त्सुकुबात एका घरी आम्ही सात-आठ कुटुंबे फराळाला जमलो होतो. चकल्या संपत आल्या तशी चर्चा अमेरिकेकडे वळली. त्या वर्षी फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली होती. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तशाच आशयाचे विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबरमध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी त्यावर सही करायला नकार दिला. असा भेदभाव आहे त्या कायद्यांनुसारही निषिद्धच आहे, असे कारण त्यांनी दिले. "सुटलो बुवा!" आमच्यातले एक काका म्हणाले, "संपला एकदाचा विषय. परदेशात कुठली आलीय जात?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

एक तरुण मित्र मात्र गप्प होता. निघताना दारात बूट घालता घालता तो मला म्हणाला, "दादा, जपानात आल्यापासून मला आडनावावरून गाव आणि गावावरून आळी विचारणारे चौघे तरी भेटले. त्यातले दोघे आज माना डोलावत होते."

पुढच्या दिवाळीला तो आला नाही. काम आहे म्हणाला. असेलही.

तेव्हापासून हे 'विषय संपला' प्रकरण माझ्या डोक्यात घर करून बसले आहे. 'विषय संपला' म्हणजे नेमके कोणासाठी संपला? जगाच्या इतिहासात हे वाक्य सर्वांत महाग कुठे पडले, हे पाहायचे तर १८५७ सालच्या वॉशिंग्टनला जावे लागेल.

ड्रेड स्कॉट हा मिसूरी राज्यातला गुलाम. त्याचा मालक लष्करी डॉक्टर होता आणि बदलीच्या गावी जाताना त्याला बरोबर नेत असे. अशा रीतीने ड्रेड स्कॉट काही वर्षे इलिनॉय राज्यात आणि पुढे विस्कॉन्सिन प्रदेशात राहिला. दोन्ही ठिकाणी गुलामगिरीला कायद्याने बंदी होती. मालक वारल्यावर १८४६ मध्ये त्याने आणि त्याची बायको हॅरिएट हिने सेंट लुइसच्या कोर्टात दावा लावला. मुक्त भूमीवर राहिलो, म्हणून आम्ही मुक्त, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मिसूरीतली कोर्टे पूर्वी असे दावे मान्यही करत आली होती. १८५० मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने कौल दिला, १८५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि खटला अखेर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला.

न्यायालयाला हा खटला थोडक्यात आटोपता आला असता. मिसूरीत कोण गुलाम आणि कोण नाही हे मिसूरीचा कायदा ठरवील, असे म्हणून मोकळे होता आले असते. न्यायमूर्ती नेल्सन यांनी तसे निकालपत्र लिहायलाही घेतले होते. स्कॉट कुटुंबावर अन्याय झालाच असता, पण देश पेटला नसता. मात्र बहुसंख्य न्यायमूर्तींना वाटले की, संसदेला तीस-चाळीस वर्षे न सुटलेला प्रश्न आपण एका फटक्यात सोडवून टाकू. नवे राष्ट्राध्यक्ष जेम्स ब्युकॅनन यांनाही तेच हवे होते. ४ मार्च १८५७ रोजी शपथविधीच्या भाषणात त्यांनी सांगितले की, नव्या प्रदेशांतल्या गुलामगिरीचा प्रश्न आता न्यायालय लवकरच आणि कायमचा निकालात काढील, सर्वांनी तो निकाल मानावा. त्याआधी त्यांचा काही न्यायमूर्तींशी गुपचूप पत्रव्यवहार झाला होता, हे पुढे उघड झाले.

दोनच दिवसांनी, ६ मार्चला, सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी निकाल वाचला. सात विरुद्ध दोन. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज, मग ते गुलाम असोत की मुक्त, अमेरिकेचे नागरिक होऊ शकत नाहीत, म्हणून ड्रेड स्कॉटला या कोर्टात येण्याचाच अधिकार नाही. दुसरे असे की, गुलाम ही मालमत्ता आहे आणि मालमत्तेला घटनेचे संरक्षण आहे, म्हणून नव्या प्रदेशांत गुलामगिरीला बंदी घालण्याचा अधिकार संसदेलाही नाही.

मंडळी, इथे थोडे थांबा. या निकालाने नक्की काय केले? उत्तरेत १८५४ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच मुळी 'नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको' हा होता. न्यायालयाने त्यांना सांगितले, तुमचा कार्यक्रम घटनाबाह्य आहे, दुकान बंद करा. दुकान बंद तर झाले नाहीच, उलट गिऱ्हाईक वाढले. ज्यांना गुलामांशी काही देणेघेणे नव्हते त्यांनाही वाटू लागले की आज नवे प्रदेश, उद्या आमचे राज्य. दक्षिणेला वाटले, आता घटनाच आपल्या बाजूने आहे, मग तडजोड कशाला? मधला मार्ग शोधणारे स्टीफन डग्लस दोन्हीकडून भरडले गेले. १८६० मध्ये त्यांचा डेमोक्रॅटिक पक्ष उत्तर-दक्षिण असा फुटला, चाळीस टक्क्यांहून कमी मते मिळवून लिंकन निवडून आले, डिसेंबरात साउथ कॅरोलिना बाहेर पडले आणि एप्रिल १८६१ मध्ये तोफा धडाडल्या. सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. युद्ध एका निकालामुळे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण बोलून वाट काढण्याची जी थोडीफार जागा उरली होती, ती या निकालाने बुजवून टाकली. प्रश्न कायमचा संपवायला निघालेल्या माणसांनी उत्तर शोधण्याचा रस्ताच संपवला.

"अहो, ते अमेरिकेचे झाले," असे कोणी म्हणेल. मग आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या त्सुकुबा डोंगराकडे बघा. आपण तिथे पोरांना घेऊन केबल कारने वर जातो, बेडकाच्या आकाराच्या दगडापुढे फोटो काढतो आणि खाली येतो. त्याच डोंगरावर १८६४ मध्ये मितोच्या सामुराईंनी बंडाचे निशाण उभारले होते. त्याचीही मुळे एका 'कायमच्या बंदोबस्तात' होती. १८५८ मध्ये शोगुनचा मुख्य कारभारी ई नाओसुके याने सम्राटाच्या संमतीशिवाय अमेरिकेशी तह केला आणि विरोध करणाऱ्या शंभराहून अधिक लोकांना शिक्षा ठोठावल्या. मितोचे वृद्ध सरदार नारिआकी नजरकैदेत गेले, योशिदा शोइनसारख्यांना देहदंड झाला. विषय संपला! १८६० मध्ये एदोच्या किल्ल्याच्या दाराशी मितोच्याच माणसांनी ईचा खून केला. चार वर्षांनी त्सुकुबावरचे बंड झाले. शरण आलेल्यांपैकी साडेतीनशेहून अधिक माणसे त्सुरुगाला मारली गेली. मितोत दोन्ही गटांनी एकमेकांच्या घरांचा इतका सूड उगवला की, १८६८ मध्ये नवा जपान उभा राहिला तेव्हा मितोकडे पुढे यायला कर्ती माणसेच फारशी उरली नव्हती.

आता आपल्या घरात येऊ. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर विषय संपला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारोंसह त्या तळ्याचे पाणी प्यायल्यावर काय झाले, हे आपण जाणतो : मारहाण झाली आणि मग पंचगव्याने तळ्याची 'शुद्धी' झाली. पुढे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही सवर्ण मंडळी कोर्टात गेली. त्यांचा दावा काय होता? तळे खाजगी मालकीचे आहे. पुन्हा तोच शब्द, मालमत्ता! तिकडे माणूसच मालमत्ता ठरला, इकडे गुरेढोरे ज्यात तोंड घालत होती ते पाणी. कोर्टाने तात्पुरता मनाईहुकूम दिला.

बाबासाहेबांनी तो मनाईहुकूम पाळला. हे नीट लक्षात घ्या, कारण 'तुम्ही कोर्टाचा अवमान करायला सांगता का?' हा प्रश्न मला हमखास येणार आहे. नाही सांगत. हजारो लोक तयारीने आलेले असताना त्यांनी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब केला. पण ते गप्प बसले नाहीत. त्याच परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, आणि कोर्टात ते दहा वर्षे लढले. लिंकनही हेच म्हणत होते : ड्रेड स्कॉटच्या बाबतीत निकाल मोडून काढायला आम्ही जाणार नाही, पण तो चुकीचा आहे हे सांगत राहू आणि बदलून घेऊ. निकाल पाळणे वेगळे आणि निकालाने तोंड शिवून घेणे वेगळे.

१७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. आपण जिंकलो म्हणून टाळ्या वाजवतो. पण न्यायालयाने म्हटले ते एवढेच की, अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. म्हणजे पुरावा कमी पडला! पाणी पिण्याचा हक्क माणूस म्हणून आहे, हे त्यात नव्हते. शिवाय तोवर १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले होते की, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. तळ्याचा निकाल आला तेव्हा ज्यांना आत घ्यायचे ते निघून जायला उभे राहिले होते. अनुकूल निकालसुद्धा समाजाच्या वतीने माफी मागू शकत नाही. ते काम समाजानेच करायचे असते.

योकोहामाला चक्कर झाली तर तिथलीही एक गोष्ट मुलांना सांगा. १८७२ मध्ये पेरू देशाचे 'मारिया लुझ' हे जहाज वादळात मोडून तिथे आले. त्यात दोनशेहून अधिक चिनी मजूर जवळजवळ गुलामीत चालले होते. एकाने समुद्रात उडी मारली आणि प्रकरण कानागावाचे अधिकारी ओए ताकु यांच्यापुढे आले. त्यांनी मजुरांना सोडले. पण जहाजाच्या कप्तानाच्या वकिलाने विचारले, तुमच्या देशात वेश्यावस्तीत मुली करार करून विकल्या जातात, ती गुलामगिरी नव्हे काय? जपान सरकारला उत्तर देता आले नाही. त्याच वर्षी त्या मुलींच्या मुक्ततेचा हुकूम निघाला. पुढच्याच वर्षी तोच धंदा 'भाड्याच्या खोल्या' या नावाने परवाना घेऊन सुरू झाला, हेही सांगायला हवे. हुकूम चांगला होता, मने तीच होती.

आणि १८७३ मध्ये पुण्याचे जोतीराव फुले 'गुलामगिरी' लिहून ते पुस्तक अर्पण करतात कोणाला, तर गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून जोतीरावांना अटलांटिकपलीकडचे आणि आपल्या आळीतले दुःख एकच दिसले. आपण विमानाने समुद्र ओलांडले, पासपोर्टावर डझनभर शिक्के मिळवले, आणि आपल्याला शेजारी बसून चकली खाणाऱ्याचे दिसत नाही!

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. न्यूसम यांचा नकार योग्य की अयोग्य, यावर आपली मते वेगळी असू शकतात. खुशाल असोत. पण तो नकार म्हणजे 'जात नाही' असा दाखला नव्हे, जसा १९३७ चा निकाल म्हणजे 'अस्पृश्यता संपली' असा दाखला नव्हता. 'इथे असले काही नसते' हे ठरवण्याचा अधिकार ज्याला आडनाव सांगताना कधी अडखळावे लागले नाही त्याला नाही. तो ज्याला अडखळावे लागते त्याला आहे. आपण त्याला एकदाही विचारलेले नाही. 'मंडळात वाद नकोत' हा आपला नियम ऐकायला गोड आहे. पण ज्या घरात वादाला बंदी असते तिथे शांतता नसते. तिथून माणसे हळूहळू येईनाशी होतात, एवढेच.

येत्या कोजागरीला मंडळाने एक तास महाडच्या खटल्यावर ठेवावा, अशी माझी रीतसर सूचना आहे. मसाला दूध माझ्याकडून. ज्यांना माझे म्हणणे पटलेले नाही त्यांनी तर अवश्य यावे. आणि त्या मित्राला बोलावणे पाठवायला मी स्वतः जाणार आहे, फोनवर नव्हे, त्याच्या दारात. 'त्या दिवशी मीही मान डोलावली होती,' हे मला त्याला सांगायचे आहे. ते कोणतेही कोर्ट माझ्या वतीने सांगणार नाही.